चीअरलीडिंग सेफ आहे का? स्पर्धा नंतर बघा, आधी प्रॅक्टिस बघा

एप्रिल संपत आला की मला मेसेज यायला सुरुवात होते. आमच्या डॅलसच्या आसपासच्या ऑल-स्टार (म्हणजे शाळेच्या नाही, प्रायव्हेट क्लबच्या) चीअर जिम्समध्ये मे महिन्यात ट्रायआउट्स म्हणजे टीमच्या निवड चाचण्या असतात, आणि माझी लेक बरीच वर्षं चीअर करतीये हे मंडळातल्या सगळ्यांना माहितीये, त्यामुळे "ताई, आमच्या पोरीनं फारच हट्ट धरलाय, घालू का हो? पण सेफ असतं का ते?" हा प्रश्न ठरलेलाच. फोनवर प्रत्येकीला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढावं असं खूप दिवस मनात होतं, आज बसलेच.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते, कारण आपल्याकडे चीअरलीडर म्हटलं की आयपीएलमध्ये चौकार गेल्यावर नाचणाऱ्या मुली एवढंच डोळ्यासमोर येतं. मी ज्याबद्दल बोलतीये ते वेगळं आहे. इथे कुणाच्याही मॅचला प्रोत्साहन द्यायचं नसतं, हीच स्पर्धा असते. वीस-पंचवीस मुली (काही टीम्समध्ये मुलगेही), ५४ बाय ४२ फुटांचा स्प्रिंगचा फ्लोअर, आणि जास्तीत जास्त अडीच मिनिटांचं रुटीन, त्यात कोलांट्या म्हणजे टम्बलिंग, एकमेकींना उचलून धरायचे स्टंट्स, पिरॅमिड, बास्केट टॉस (म्हणजे खालच्या मुलींनी एकीला हवेत उंच फेकून परत झेलायचं) आणि शेवटी डान्स. आता तर आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०२१ मध्ये चीअरच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला पूर्ण मान्यता दिलीये. तेव्हा हा खेळ आहे का नाही यावर माझ्याशी वाद घालू नका, एकदा त्या अडीच मिनिटांनंतर बाहेर येणाऱ्या पोरींना धापा टाकताना बघा.

स्टंट म्हणजे नक्की काय होतं ते सांगितल्याशिवाय दुखापतीचं कळणार नाही. चार जणी असतात. दोघी बेस, समोरासमोर तोंड करून, एकेकीच्या हातात वरच्या मुलीचं एकेक पाऊल, एक हात टाचेखाली आणि एक बोटांच्या बाजूला. मागे बॅक स्पॉट, तिचे हात वरच्या मुलीच्या घोट्यांवर. आणि वर फ्लायर. खांद्याच्या उंचीला धरलं तर ते प्रेप, हात पूर्ण सरळ करून डोक्यावर नेलं की एक्स्टेन्शन. माझी लेक उंच आहे म्हणून ती बॅक स्पॉट. बघणाऱ्यांची नजर कायम फ्लायरवर असते पण स्टंट चालवते ती बॅक स्पॉट, मोठ्यानं काउंट ती देते, आणि फ्लायर खाली येताना तिचे खांदे आणि डोकं जमिनीला लागू द्यायचं नाही ही जबाबदारी तिची. खाली यायचं ते बहुतेक वेळा क्रेडलमध्ये, म्हणजे दोन्ही बेसच्या हातांवर आडवी झेलायची आणि मागून बॅक स्पॉटनं काखेत हात घालून धरायचं. फ्लायरनं अंग घट्ट ठेवलं तर हे अगदी सुंदर होतं. पण ती वर घाबरली, गुडघा वाकवला, हात बाहेर फेकले की तिचं कोपर थेट बेसच्या नाकावर किंवा बॅक स्पॉटच्या कपाळावर बसतं. म्हणून कोच सतत "टाइट! स्क्वीझ!" म्हणून ओरडत असतात, ती शिस्तीची हौस नाही, खाली उभ्या असलेल्या तिघींचे दात वाचवायचे असतात. बरेच आईबाप समजतात की माझी मुलगी फ्लायर नाही म्हणजे काळजी नाही. असं अजिबात नाहीये.

आता आकडे. गुगल केलं की दोन टोकाच्या गोष्टी सापडतात आणि गंमत म्हणजे दोन्ही खऱ्या आहेत. नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीत खेळांमधल्या गंभीर दुखापतींची नोंद ठेवणारं एक केंद्र आहे, त्यांनी १९८२ पासूनची पंचवीसेक वर्षांची आकडेवारी काढली तेव्हा हायस्कूलच्या मुलींच्या सगळ्या खेळांमधल्या 'कॅटास्ट्रॉफिक' दुखापतींपैकी सुमारे ६५ टक्के एकट्या चीअरमधल्या निघाल्या. कॅटास्ट्रॉफिक म्हणजे मृत्यू, कायमचं अपंगत्व, किंवा मान-कवटीचं फ्रॅक्चर होऊन पुढे बरं होणं, हे सगळं त्यात धरतात. दुसरीकडे २०१६ साली पीडियाट्रिक्स या वैद्यकीय जर्नलमध्ये हायस्कूलच्या खेळांचा एक मोठा अभ्यास आला, त्यात २२ खेळांत एकूण दुखापतींच्या दरात चीअरचा नंबर अठरावा होता! म्हणजे सॉकर, बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींना जास्त वेळा लागतं. पण त्याच अभ्यासात असंही होतं की चीअरमध्ये एकदा लागलं तर तीन आठवड्यांपेक्षा जास्त बाहेर बसावं लागण्याचं प्रमाण मोठं आहे, जवळजवळ एक तृतीयांश दुखापती कन्कशनच्या म्हणजे मेंदूला हादरा बसण्याच्या होत्या, आणि निम्म्याहून जास्त दुखापती स्टंट्समध्ये झालेल्या. थोडक्यात लागतं कमी वेळा, पण लागतं तेव्हा जोरात लागतं.

जुन्या लोकांना २००६ मधली एक घटना आठवत असेल, टीव्हीवर खूप दाखवली होती. सेंट लुईसमध्ये कॉलेज बास्केटबॉलची मॅच, सदर्न इलिनॉय युनिव्हर्सिटीची एक चीअरलीडर साधारण १५ फुटांवरून पिरॅमिडमधून डोक्यावर पडली, मानेच्या मणक्याला तडा आणि कन्कशन. स्ट्रेचरवरून नेत असताना कॉलेजच्या बँडनं गाणं वाजवलं तर ती पट्ट्यांनी बांधलेल्या अवस्थेत हातांनी स्टेप्स करायला लागली आणि अख्खं स्टेडियम टाळ्या वाजवत उभं. सुदैवानं ती बरी झाली. लोकांना तिची जिद्द लक्षात राहिली, मला मात्र त्या क्लिपमध्ये तिच्याखालचा तो लाकडी फ्लोअर दिसतो. मॅट नाही, काही नाही. त्यानंतर मात्र हालचाल झाली, बास्केटबॉल कोर्टवर मॅटशिवाय बास्केट टॉस आणि अडीच माणसं उंचीचे पिरॅमिड बंद केले, आणि एनसीएए म्हणजे कॉलेजच्या खेळांच्या संघटनेच्या मोठ्या दुखापतींच्या विम्यात चीअरचे क्लेम इतके यायला लागले होते की सेफ्टी सर्टिफिकेट असलेला कोच हजर असेल तरच विमा मिळेल अशी अट आली.

आणि या मॅटच्या नियमाचा उपयोग झाला, हे मला सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटतं! २००२ ते २०१७ या काळातल्या गंभीर दुखापती नंतर संशोधकांनी तपासल्या तर कडक जमिनीवर बास्केट टॉस बंद केल्यानंतर बास्केट टॉसमुळे होणाऱ्या अशा दुखापतींचा दर जवळजवळ एक चतुर्थांशावर आला होता. पोरींनी बास्केट टॉस करणं सोडलं नाही, फक्त कुठे करायचा ते बदललं. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट म्हणजे बहुतांश गंभीर दुखापती प्रॅक्टिसमध्ये झाल्या होत्या. स्पर्धेत नाही, प्रॅक्टिसमध्ये.

माझं सगळं म्हणणं इथेच येऊन थांबतं. नियम भरपूर आहेत आणि चांगले आहेत. ऑल-स्टारमध्ये यूएसएएसएफ या नियम करणाऱ्या संस्थेचे लेव्हल्स असतात, लेव्हल १ मध्ये दोन पायांवरचा स्टंट प्रेपपर्यंतच, टॉस नाही, बॅक हँडस्प्रिंग (मागे हातांवर उडी घेऊन कोलांटी) सुद्धा नाही. लेव्हल २ मध्ये दोन पायांवर एक्स्टेन्शन आणि हँडस्प्रिंग येतात, लेव्हल ३ ला एका पायावर एक्स्टेन्शन आणि बॅक टक (हात न टेकता मागे कोलांटी), असं एकेक पायरी चढत सातपर्यंत. दागिने घालायचे नाहीत, च्युइंग गम नाही, टॉसला खाली किती जणी ते ठरलेलं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनं २०१२ मध्ये सांगितलं की स्टंट्स कडक, ओल्या, उंचसखल जागेवर करायचेच नाहीत, पिरॅमिड दोन माणसांपेक्षा उंच नको, डोक्याला लागल्याची शंका आली तरी मुलीला लगेच बाहेर काढायचं आणि डॉक्टरनं लिहून दिल्याशिवाय परत घ्यायचं नाही. स्पर्धेत तर नियम बघायला वेगळा जज बसलेला असतो, लेव्हलच्या बाहेरचं काही केलं की मार्क कापतात. पण हे सगळं अडीच मिनिटांसाठी. उरलेल्या वर्षभराच्या प्रॅक्टिसमध्ये, मंगळवारी संध्याकाळी साडेसात वाजता, शाळेचा होमवर्क उरकून दमून आलेल्या बारा वर्षांच्या मुली नवीन स्टंट दहाव्यांदा करत असताना तिथे कुठला जज नसतो. तिथे फक्त कोच असतो. तो जे म्हणेल तो नियम.

हे वाचताना आपल्याला दहीहंडी आठवणारच, मलाही आठवते. मुंबई हायकोर्टानं २०१४ मध्ये २० फूट उंची आणि १८ वर्षं वय अशी मर्यादा घातली, सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये ती कायम ठेवली, मग २०१७ मध्ये उंचीची मर्यादा गेली आणि वय १४ वर आलं, २०२२ ला साहसी खेळाचा दर्जाही मिळाला. आपल्याकडची सगळी चर्चा किती थर आणि किती वय यावर झाली. महत्त्वाचीच आहे ती, पण सराव कुठे होतो, खाली काय अंथरलंय, शिकवणाऱ्याला मान-मणक्याच्या दुखापतीचं काय कळतं, हे प्रश्न तिथेही मागे पडले आणि इथेही पडतात.

शाळेच्या चीअरमध्ये एक वेगळाच घोळ आहे. बऱ्याच राज्यांत चीअर हा अधिकृत 'खेळ' म्हणून धरलाच जात नव्हता, काही ठिकाणी अजून नाही. मिशिगननं १९९४ पासून स्पर्धात्मक चीअरला खेळ मानलंय, कॅलिफोर्नियानं २०१५ ला कायदा करून मानायला लावलं, पण कॉलेजच्या पातळीवर २०१० मध्ये क्विनिपिॲक युनिव्हर्सिटीच्या केसमध्ये फेडरल जजनं सांगितलं की टायटल नाइनखाली, म्हणजे मुलींना खेळात समान संधी देणाऱ्या कायद्याखाली, हा खेळ म्हणून मोजता येणार नाही कारण याची स्पर्धा-सीझनची रचना पुरेशी नीट नाही. व्हॉलीबॉलची टीम बंद करून चीअर दाखवायचं चाललं होतं तेव्हा त्या केसपुरता जजचा मुद्दा मला पटतो. पण 'खेळ नाही' या शिक्क्याचा खर्च कुठे निघतो तर पोरींच्या मानेवर. खेळ नसेल तर जिम मिळत नाही, ती बास्केटबॉलला. मग प्रॅक्टिस कॅफेटेरियात, कॉरिडॉरमध्ये टाइल्सवर. दुखापती बघणारा ॲथलेटिक ट्रेनर फुटबॉलबरोबर मैदानात. सीझनला सुरुवात नाही का शेवट नाही, ऑगस्टपासून मार्चपर्यंत शरीराला सुट्टीच नाही. आणि कोच म्हणजे एखादी उत्साही इंग्लिशची टीचर, जिचा त्यात काही दोष नाही, पण तिला स्टंट कसा स्पॉट करायचा, म्हणजे पडणारीला कसं सावरायचं, ते कुणी शिकवलेलंच नसतं.

प्रायव्हेट जिम्सची गोष्ट उलटी. तिथे स्प्रिंग फ्लोअर असतो, मॅट्स असतात, टम्बल ट्रॅक असतो, फोमचा खड्डा असतो. पण जिम उघडायला किंवा कोच व्हायला डॉक्टर-वकिलासारखं सरकारी लायसन्स लागत नाही. यूएसएएसएफची मेंबरशिप असेल तर कोचला लेव्हलप्रमाणे क्रेडेन्शियल घ्यावं लागतं, बॅकग्राउंड चेक आणि गैरवर्तन रोखण्याचं ट्रेनिंग लागतं, आणि हे चांगलंच आहे. तरीही परीक्षा पास होणं वेगळं आणि रडणाऱ्या फ्लायरला आज वर चढवायचं नाही हे ठरवणं वेगळं. बरेच कोच स्वतःच एकोणीस-वीस वर्षांचे असतात, कालपर्यंत त्याच टीममध्ये होते, टॅलेंट जबरदस्त पण नाही म्हणायची हिंमत यायला वय लागतं.

आमच्या पहिल्या जिममध्ये (नाव लिहीत नाहीये) लेकीच्या ग्रुपमधल्या एका बेसला क्रेडल झेलताना गालावर-कानशिलावर कोपर बसलं. मी काचेपलीकडे पालकांच्या खुर्च्यांत होते. पोरगी खाली बसली, डोळे मिटून घेतले, कोचनं बर्फाची पिशवी दिली, पाच मिनिटं बसवलं आणि मग "यू ओके?" असं विचारलं. बारा वर्षांची मुलगी अख्ख्या टीमसमोर काय म्हणणार? ओके म्हणाली आणि परत उभी राहिली, कारण शनिवारी स्पर्धा होती आणि बदली बेस नव्हती. त्या रात्री तिला उलट्या झाल्या, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कन्कशन सांगितलं. ती बरी झाली, पण परत येताना जी टप्प्याटप्प्याची पद्धत असते, आधी नुसतं चालणं, मग हलकं जॉगिंग, मग टम्बलिंग-स्टंट शिवाय ड्रिल्स, प्रत्येक टप्प्याला किमान २४ तास आणि डोकं दुखलं की एक पायरी मागे, ती तिच्या आईनं स्वतः वाचून जिमला सांगितली. जिमनं आईला नाही! राज्याराज्यांत कन्कशनचे कायदे आहेत पण ते मुख्यतः शाळांच्या खेळांसाठी लिहिलेत, प्रायव्हेट जिमला बऱ्याच ठिकाणी ते लागूच होत नाहीत. आम्ही सीझन संपल्यावर जिम बदलली.

लेव्हल वाढवायची घाई हा तर मला सगळ्यात मोठा रोग वाटतो. जिमला मोठ्या लेव्हलची टीम दाखवायची असते, आईबापांना फेसबुकवर लेव्हल ४ लिहायचं असतं, आणि ज्या मुलीचं प्रेप अजून हलतंय तिला एक्स्टेन्शनला ढकलतात. नवीन स्टंट आधी जमिनीलगत, मग मॅटवर जादा स्पॉटर लावून, मग प्रेपला, मग वर, असं चढत जायचं असतं, आणि खालची पायरी कंटाळा येईपर्यंत नीट झाली पाहिजे. आत्ताच्या जिममधली कोच दोन महिने एकच स्टंट करून घेत होती आणि काही पालक कुरकुरत होते की पैसे कशाचे घेता. मला मात्र तिच्या पाया पडावंसं वाटत होतं.

दुखापत फक्त हाडांची नसते, हेही लिहायलाच हवं. नेटफ्लिक्सवरच्या चीअरच्या मालिकेतून घराघरात पोचलेल्या जेरी हॅरिसला २०२२ मध्ये अल्पवयीन मुलांशी संबंधित लैंगिक गुन्ह्यांसाठी १२ वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी साउथ कॅरोलायनातल्या एका मोठ्या जिमवर आणि या धंद्यातल्या मोठ्या कंपन्यांवर लैंगिक शोषणाचे दावे दाखल झाले. स्टंटमध्ये स्पर्श असतोच, विश्वास असतोच, कोचचा शब्द देवाचा असतो, म्हणून इथे नियम जास्त कडक हवेत. कोचनं मुलीला एकटीला मेसेज करायचा नाही, खाजगी क्लास असला तरी दार उघडं किंवा काच हवी, प्रवासात खोली वेगळी. यावर कुणी "आमच्याकडे सगळे फॅमिलीसारखे आहेत" म्हणालं तर तिथून सरळ निघा.

आणि नियम बनवणारे कोण हेही लक्षात ठेवा. स्पर्धा भरवणारी, युनिफॉर्म विकणारी, कॅम्प घेणारी व्हार्सिटी नावाची एकच प्रचंड कंपनी, आणि ऑल-स्टारची नियम करणारी संस्थाही तिच्याच पाठबळावर उभी राहिलेली. मक्तेदारीच्या खटल्यांत त्यांनी आणि इतरांनी २०२३ मध्ये सव्वाचार कोटी डॉलर्सहून जास्त आणि २०२४ मध्ये सव्वाआठ कोटी डॉलर्स देऊन तडजोड केली. मी म्हणत नाही की नियम वाईट आहेत, वर सांगितलं तसं नियमांनी जीव वाचवलेत. पण जो तिकीट विकतो त्यानंच सेफ्टी बघायची ही व्यवस्था मला पटत नाही, बाहेरचं कुणीतरी हवं, आणि प्रॅक्टिसला अचानक येऊन बघणारं हवं.

तोपर्यंत ते बघणारं माणूस म्हणजे आपण. ट्रायआउटच्या आधी जिमला फोन करून सांगा की आम्हाला एक अख्खी प्रॅक्टिस बसून बघायचीये, शोकेस नको, साधी आठवड्यातली. पालकांना बघू देत नाही म्हणाले तर विषय संपला. बसलात की फ्लायरकडे बघू नका, बॅक स्पॉटकडे बघा, तिची नजर वर आहे का आरशात. स्टंट पडतो तेव्हा कोच कुठे असतो, फोनमध्ये का हात पुढे करून जवळ. पडल्यावर पुढचं वाक्य काय येतं, "परत करा" का "थांबा, काय झालं सांगा". एखादी मुलगी "मला भीती वाटतीये" म्हणाली तर काय होतं ते तर नक्की बघा. कोचचं क्रेडेन्शियल कुठल्या लेव्हलपर्यंत आहे आणि टीम कुठल्या लेव्हलची आहे ते विचारा. इमर्जन्सी प्लॅन लिहिलेला आहे का, ॲम्ब्युलन्स कुठल्या दारानं येणार हे तिथल्या सगळ्यात ज्युनियर कोचला माहितीये का. कन्कशन झाल्यावर परत कधी घेता, कुणाच्या सहीनं. आपल्या लोकांना असं विचारायचा संकोच होतो, कोच म्हणजे गुरू, त्यांना काय उलट विचारायचं. चांगल्या कोचला हे प्रश्न आवडतात, माझा अनुभव आहे.

मग घालायचं का? माझं उत्तर हो. माझी लेक लाजाळू होती, ती आज तीन मुलींना खणखणीत आवाजात काउंट देते आणि एखादीला वर जायला भीती वाटत असेल तर तीच सगळ्यात आधी "डाउन" म्हणते, आणि तिची कोच त्यावर कधीही चिडत नाही. अशी जिम सापडली तर बिनधास्त घाला, नाही सापडली तर एक वर्ष नुसतं टम्बलिंग करू द्या, तेवढ्यानं काही बिघडत नाही. फ्रिस्को-प्लेनोच्या बाजूला कुणाला प्रॅक्टिस बघायला सोबत हवी असेल तर मला मेसेज करा, मंगळवार आणि गुरुवार संध्याकाळी मी तशीही तिथेच असते. शाळेच्या टीमबद्दल विचारायचं असेल तर आधी एवढं शोधून ठेवा की त्यांच्या प्रॅक्टिसला मॅट मिळतात का, बाकीचं आपण बोलू.